आधी सांडवा, मग वाळू

शेती खात्यातल्या माझ्या नोकरीला अठ्ठावीस वर्षे झाली. ऊस, कांदा, हुमणी, करपा, बांधबंदिस्ती यांवर गावोगावच्या चावड्यांतून किती वेळा बोललो असेन, त्याचा हिशेब नाही. पण घोड्यांच्या मैदानाविषयी मला कोणी सल्ला विचारील, असे कधी मनात आले नव्हते. तो विचारला गेला, मी दिला आणि तो साफ चुकला. त्याचीच ही हकीगत. तुमच्या दारात घोडा नसेल, पण पाणी आणि माती सगळ्यांच्याच दारात आहे, म्हणून सांगतो.

गाव हडपसर. खडकवासल्याचा कालवा या शिवारातून गेला आणि इथे ऊस, भाजीपाला पिकू लागला. आता हे गाव पुणे शहरात मोडते आणि उसाच्या जागी उंच इमारती दिसतात. घोडा मात्र इथे नवा नाही. पूनावालांचा स्टड फार्म १९४६ पासूनचा. त्याच घराण्याने १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट काढली, तेव्हा घोड्याच्या रक्तातल्या द्रवापासून धनुर्वातावरचे औषध तयार होत असे.

अशा या हडपसरात एका शेतकरी कुटुंबाची दीड एकर जमीन उरली होती. बाकीची भावकीच्या वाटण्यांत आणि विक्रीत गेली. घरातल्या थोरल्यांना सारेजण तात्या म्हणतात. त्यांचा धाकटा मुलगा घोडेस्वारी शिकला होता. तो म्हणाला, "तात्या, जमीन विकू नका. मी इथे मुलांना घोड्यावर बसायला शिकवतो." चार घोडे आले, पत्र्याची पागा उभी राहिली आणि चाळीस मीटर लांब, वीस मीटर रुंद असे मैदान आखले गेले. काळ्या रानावरच नदीची वाळू पसरली.

पहिल्या वळवाने त्याचा चिखल झाला. मुलगा कचेरीत आला. मी घाईत होतो. जागेवर न जाताच सांगून टाकले, "भोवती चर काढा आणि आणखी चार ब्रास वाळू टाका." त्याने बिचाऱ्याने तसेच केले.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी जोराचा पाऊस झाला. वाळू वाहून खालच्या कोपऱ्यात गेली, तिथून बांध फोडून शेजाऱ्याच्या मेथीच्या वाफ्यांवर पसरली. उरलेली वाळू घोड्यांच्या टापांनी काळ्या मातीत रुतली. दोन दिवसांनी एक घोडी त्या चिखलात घसरली आणि तिच्या पुढच्या पायाची शीर ताणली. पाठीवर नऊ वर्षांची पोर होती. देवाची कृपा, तिला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. पण पालकांनी मुले पाठवणे बंद केले, आणि जमीन घेणारे दलाल पुन्हा दारात येऊ लागले.

तात्या स्वतः कचेरीत आले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, तुम्हीच आमच्या गावात सांगितलं होतं ना, सांडवा ठेवल्याशिवाय बांध घालू नका म्हणून? मग आमच्या पोराला नुसती वाळूच कशी टाकायला सांगितली?"

मला उत्तर देता आले नाही. म्हातारा बरोबर बोलत होता. वाहणारे पाणी आणि माती यांचेच शिक्षण घेऊन मी पदवीधर झालो, आणि घोडा हा शब्द ऐकताच ते सारे विसरलो.

त्यानंतर पाऊस आला की मी छत्री घेऊन त्या मैदानाच्या कडेला उभा राहू लागलो. दोन पावसांत सगळे कळले. मैदानावर पडणारे पाणी हा निम्माच प्रश्न होता. वरच्या रस्त्याचे पाणी आत शिरत होते आणि पागेच्या पत्र्यांची धार थेट वाळूवर पडत होती. हिशेब करून पाहा. आठशे चौरस मीटर जागेवर दोन इंच पाऊस पडला, तर चाळीस हजार लिटर पाणी होते, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी खाली सोडत नाही. एवढे पाणी जाणार कुठे? वाळू घेऊनच जाणार.

पाऊसकाळ संपल्यावर नव्याने काम केले. क्रम असा ठेवला.

आधी बाहेरचे पाणी अडवले. वरच्या अंगाला आडवा चर काढला आणि पत्र्यांना पन्हळी लावल्या. मग वरची अर्धा फूट भुसभुशीत काळी माती काढून पेरूच्या झाडांना घातली. याहून खोल गेलो नाही, कारण मैदान भोवतालच्या जमिनीपेक्षा खाली गेले की त्याचे तळे होते. तळाला शंभरास एक असा उतार दिला. वीस मीटर रुंदीत वीस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक वीत. गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने तो तपासला. उतार याहून फार वाढवला, तर वाळू पुन्हा धावू लागते.

त्यावर पाणी आरपार जाऊ देणारे जाड कापड अंथरले. शेततळ्याचा प्लॅस्टिक कागद इथे चालत नाही. कापडामुळे काळी माती वर येत नाही आणि खडी खाली रुतत नाही. कापडावर सहा इंच खडी आणि कच टाकून रोलर फिरवला. त्याला बेचाळीस ब्रास माल लागला. खालच्या अंगाला चर खोदून भोके पाडलेला चार इंची पाइप खडीत पुरला. सांगली, कोल्हापूरकडे खारवट जमिनी सुधारायला असेच पाइप पुरतात. पाइपाचे तोंड एका खड्ड्यात सोडले. वाहून आलेली वाळू तिथे बसते आणि निवळ पाणी ओढ्याला जाते. शेजाऱ्याच्या रानात आता थेंब जात नाही. त्याच्या मेथीची भरपाई तात्यांनी आधीच केली होती.

वाळू सर्वांत शेवटी आली, आणि तीही तीनच इंच, एकवीस ब्रास. खोल वाळूत घोड्याच्या पायाच्या शिरांवर ताण येतो. नदीच्या गोल कणांवर टाप सरकते, म्हणून दगड फोडून केलेली, धुतलेली, कोनेदार वाळू घेतली. न धुतलेल्या वाळूतली भुकटी उन्हाळ्यात धूळ होते आणि पावसाळ्यात चिकटा. कडेने फूटभर उंच फळ्या उभ्या केल्या. खालच्या बाजूच्या फळ्यांना भोके पाडून आतून तेच कापड लावले, म्हणजे पाणी जाते आणि वाळू राहते.

एवढे करून भागत नाही. घोडे नेहमी कडेकडेने चालतात. तिथे घळ पडते आणि पुढच्या पावसात पाणी तीच वाट धरते. म्हणून आठवड्यातून एकदा कडेची वाळू फळीने ओढून सारखी करावी लागते. लीद पडली की लगेच उचलावी लागते, नाही तर ती वाळूत कुटली जाऊन पाणी धरून ठेवते.

पुढच्या पावसाळ्यात पहिला मोठा पाऊस झाला, त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. सकाळी गेलो. खड्ड्यात दोन घमेली वाळू साठली होती, मैदान ओले होते, पण कुठे डबके नव्हते. तात्यांनी स्वतः काठी टोचून चार ठिकाणी पाहिले. दुपारी घोडे बाहेर निघाले. ती लंगडणारी घोडी पुढच्या महिन्यात पुन्हा चालू लागली, आणि ती नऊ वर्षांची पोरही परत आली. दीड एकर अजून तात्यांच्या नावावर आहे.

बंधूंनो आणि भगिनींनो, गोठ्यापुढच्या अंगणात चिखल झाला की आपण दरवर्षी मुरूम टाकतो आणि दरवर्षी तो गिळला जातो. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारा कायदा कायम ठेवला, आणि गावोगावचे घाट पुन्हा नीट होऊ लागले. त्या चढावरची मातीही पावसात धुपतेच. मुरूम मागवण्याआधी पाणी कुठून येते आणि कुठे जाऊ पाहते, एवढे पाहा. त्यासाठी भर पावसात अर्धा तास उभे राहावे लागते. मी आता सल्ला देण्याआधी तेवढा वेळ काढतो.