पश्चिमेची भिंत

रत्नागिरीत घराची पश्चिमेची भिंत सगळा पावसाळा झड सोसते. पूर्वी आम्ही तिला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधायचो. पुढे अब्बांनी पत्रे मारून घेतले. मागच्या पावसाळ्यात त्याच भिंतीला आतून ओल आली. अम्मीच्या खोलीतला रंग फुगला, तिला दम लागू लागला. शेजाऱ्यांच्या नव्या पन्हळीचे पाणी आपल्या भिंतीवर येते, असे आम्ही ठरवूनच टाकले. दोन महिने सलामही बंद होता.

ऑक्टोबरात पत्रे उतरवायला शिडी हवी होती. ती शेजाऱ्यांकडेच होती. त्यांनी मुकाट्याने आणून दिली.

पत्रे निघाले आणि खरे कारण दिसले. खाऱ्या हवेने खिळे गंजून भोके मोठी झाली होती. एका ठिकाणी तर खालचा पत्रा वरच्यावर चढवलेला होता. तिथून शिरलेले पाणी पत्र्यामागे कोंडून जांभ्यात मुरत होते. चिरा पाणी पटकन पितो, सोडतो मात्र सावकाश.

भेगा भरून भिंत उघडी ठेवली. सुकली का, हे पाहायला प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवला. दुसऱ्या दिवशी त्याच्या आत थेंब नव्हते. मग लाकडी पट्ट्या मारून मागे हवेला जागा ठेवली आणि वरचा पत्रा खालच्यावर येईल असे, रबरी वॉशरचे स्क्रू लावून पत्रे बसवले.

फार संशय टाळा, असे सूरह हुजुरात सांगते. आम्ही ते वाचले होते, पाळले नव्हते. मगरिबनंतर शिडी परत करायला गेलो, तेव्हा सलाम आधी आम्ही केला.