यादीतल्या बायका

अमेरिकेतल्या मिडल स्कूलमध्ये सप्टेंबरातली एक संध्याकाळ पालकांची असते. तिचं नाव ‘बॅक टू स्कूल नाइट’. आईवडील मुलाचं वेळापत्रक हातात धरून वर्गावर्गांतून फिरतात, बेल झाली की खोली बदलतात आणि मुलांच्या बाकांवर कसेबसे मावतात. प्रत्येक शिक्षकाच्या वाट्याला दहाएक मिनिटं येतात. आठवीच्या मुलांना अमेरिकेचा इतिहास शिकवणाऱ्या माझ्यासारख्या मराठी बाईने तेवढ्यात सांगायचं, की जूनपर्यंत ती या मुलांकडून नेमकं काय करून घेणार आहे.

टक्केवारी, उशिरा आलेल्या गृहपाठाचे नियम, परीक्षा पुन्हा देता येते का, हे सगळं मी एका कागदावर छापून दारातच हातात ठेवते. ते वाचून दाखवण्यात वेळ घालवायचा नाही, हा माझा हट्ट. आमच्या मध्य न्यू जर्सीत समोर बसलेल्यांत देशी पालक भरपूर असतात आणि त्यांचा जीव गणितात अडकलेला असतो. मुलगी वरच्या गणिताच्या वर्गात गेली का, हा खरा प्रश्न. इतिहासाचं काय, करेल पाठ! यात त्यांचा दोष नाही. त्यांनी स्वतः नागरिकत्वाच्या मुलाखतीसाठी तेव्हाची शंभर प्रश्नांची यादी ऑफिसला जाता-येता गाडीत ऐकून घोटलेली असते. झेंड्यावर पट्टे तेरा का, हे ते इथे जन्मलेल्या शेजाऱ्यापेक्षा चटकन सांगतात. इतिहास म्हणजे ठरलेल्या प्रश्नांची ठरलेली उत्तरं, हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं असतं.

म्हणून मी त्यांनाही एक यादीच देते. वर काही लिहिलेलं नाही, तळटीप नाही. शाईने लिहिलेल्या जुन्या नावांची नुसती झेरॉक्स. दोघादोघांत एक प्रत. काय दिसतंय ते सांगा, म्हणते.

आधी सगळे अक्षराला नावं ठेवतात. मग कुणीतरी म्हणतं, आडनावं डच वळणाची वाटतात. कुणाला ही चर्चच्या सभासदांची यादी वाटते, कुणाला कर भरणाऱ्यांची. बाकांवरची पाठ हळूहळू सरळ होते, फोन खिशात जातात. आणि दर वर्षी एखादी आई बोट ठेवून विचारते, “ही बाई आहे ना? आणि ही पण?”

तो कागद म्हणजे सॉमरसेट काउंटीतल्या मॉन्टगोमेरी टाउनशिपची १८०१ सालची मतदारयादी. यादीत साडेतीनशेच्या आसपास नावं आहेत आणि त्यांत किमान ४६ बायका. प्रत्यक्ष मत दिलेल्या. फिलाडेल्फियाच्या म्युझियम ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशनच्या अभ्यासकांनी २०१८च्या सुमारास अशा याद्यांचा शोध घेतला, तोवर या बायकांच्या मतदानाबद्दल ऐकीव बरंच होतं आणि कागद फार थोडे. न्यू जर्सीच्या १७७६च्या संविधानाने मताचा हक्क देताना वय, वर्षभराचं वास्तव्य आणि पन्नास पौंडांची मालमत्ता एवढंच पाहिलं. बाई की पुरुष, गोरा की काळा, हे तिथे लिहिलेलं नव्हतं. लग्न झालेल्या बाईची मालमत्ता नवऱ्याची धरली जाई, तेव्हा यादीतल्या या बायका मुख्यतः विधवा किंवा अविवाहित असणार.

१८०७ साली राज्याच्या विधिमंडळाने तो हक्क काढून घेतला. मग राज्यातल्या बायकांना १९२०पर्यंत थांबावं लागलं.

का काढला, हे मी त्या संध्याकाळी सांगत नाही. “जानेवारीत मुलांना विचारा,” म्हणते आणि बेल होते. काही पालक दारातून वळून पुन्हा विचारतात. तिथेही मी सांगत नाही. शिक्षकाने थोडं आखडू असावं.

वाचकांना मात्र सांगते. १८०७च्या फेब्रुवारीत एसेक्स काउंटीचं कोर्ट कुठे बांधायचं, नेवार्कात की एलिझाबेथटाउनला, यावर मतदान झालं. दोन्ही गावांनी इतका गोंधळ घातला की मतं मतदारांहून जास्त निघाली. पुरुष आणि पोरं लुगडी, म्हणजे आपलं, झगे घालून दुसऱ्यांदा मत द्यायला गेल्याच्या कथा पसरल्या. त्यात दोन पक्षांची चढाओढ, विधवांची मतं कुणाकडे जातात याचा हिशेब. शेवटी ‘निवडणूक शुद्ध करायची’ म्हणून बायका आणि स्वतंत्र काळे नागरिक वगळले गेले आणि त्याच कायद्याने कर भरणाऱ्या गोऱ्या पुरुषांना मालमत्तेची अट सैल झाली. एकाच सहीने काहींचा हक्क वाढला, काहींचा गेला. तेरा वर्षांच्या मुलांना हे पचायला जड जातं. अमेरिकेत गोष्टी आधी वाईट होत्या, मग चांगल्या होत गेल्या, असा जिना त्यांच्या डोक्यात पाचवीपासून बांधलेला असतो. तो हलवायला ही यादी मला फार उपयोगी पडते, आणि पालकांच्या डोक्यातही तोच जिना असल्यामुळे सुरुवात त्यांच्यापासून केलेली बरी.

एका वडिलांनी एकदा उभं राहून सरळ विचारलं होतं, “तुम्ही देशाचा अभिमान शिकवणार की लाज?” प्रश्न प्रामाणिक होता. मी म्हटलं, स्वातंत्र्ययुद्धातली, २६ डिसेंबर १७७६ची ट्रेंटनची लढाई इथून फार लांब झाली नाही. ती मी जीव ओतून शिकवते. बर्फ तरंगणारी डेलावेअर नदी रात्रीतून पार करायची तर कुठून करायची, हे मुलांनी नकाशावर ठरवायचं. याच राज्याने १८०४ साली गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला, तोही शिकवते. त्या वर्षी ४ जुलैनंतर जन्मलेली मुलं मुक्त, पण मुलीने एकविसाव्या आणि मुलाने पंचविसाव्या वर्षापर्यंत आईच्या मालकाकडे राबायचं. जी आधी जन्मली त्यांच्यासाठी काहीच नाही. १८६०च्या जनगणनेतही न्यू जर्सीत अठरा गुलाम नोंदले आहेत. दोन्ही बाजूंचे कागद मुलांसमोर येतील, त्यावर अभिमान की लाज हे तुमच्या घरात ठरू द्या. त्यांचं पूर्ण समाधान झालं असं वाटलं नाही. होणारही नव्हतं.

दोन गोष्टी मी वर्गात करत नाही, त्याही पहिल्याच दिवशी सांगून टाकते. मुलांना गुलाम किंवा मालक ‘व्हायला’ लावत नाही. काही शाळांत मुलांकडून गुलामांच्या लिलावाच्या जाहिराती रंगवून घेतल्या गेल्या आणि गावं पेटली. त्यातून कुणी काय शिकलं, देव जाणे. आणि वंशावळ काढायला सांगत नाही. देशी पालकांना याचं नवल वाटतं, कारण आपल्याकडे आजोबांना विचारलं की चार पिढ्या पाठ. पण गुलामगिरीतून आलेल्या कुटुंबांना बहुतेकदा १८७०च्या जनगणनेपाशी भिंत लागते. त्याआधीच्या, १८५० आणि १८६०च्या गुलामांच्या नोंदवह्यांत मालकाचं नाव असे आणि त्याखाली नुसतं वय, लिंग, रंग. अशा घरातल्या मुलीला रिकाम्या चौकटी घेऊन वर्गात उभं का करायचं? त्याऐवजी घरातला एक कागद आणा, म्हणते. कुठलाही. पगाराची चिठ्ठी, विमानाचं तिकीट, पाककृती. तो कुणी, कुणासाठी, का लिहिला आणि त्यात काय सांगायचं राहिलं, एवढंच लिहायचं.

एका वर्षी एक आजोबा आले होते. सहा महिन्यांसाठी नातवाकडे आलेले, मुलगा-सून कामावर म्हणून एकटेच. माझं आडनाव दारावर वाचून थेट मराठीतच म्हणाले, “बाई, तुम्ही फुल्यांचं ‘गुलामगिरी’ सांगता का यांना? अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या लोकांना आहे.” पुस्तक १८७३चं. ज्योतीरावांनी ते अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं, काळ्या लोकांना गुलामगिरीतून सोडवण्यासाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल. आपल्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवावा, अशी आशाही तिथेच आहे. मला ते ठाऊक होतं, पण या अभ्यासक्रमात त्याला जागा आहे हे त्या आजोबांनी दाखवलं. पुढे नातवाने ‘घरातला कागद’ म्हणून त्याच पानाची प्रत आणली. अर्पणपत्रिका इंग्रजीत छापलेली, त्यामुळे सगळ्या वर्गाला वाचता आली.

आता यादवी युद्धानंतरच्या धड्यात ते पान असतं, गुलामगिरी रद्द करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीशेजारी. न्यू जर्सीने ती दुरुस्ती आधी फेटाळली होती आणि १८६६च्या जानेवारीत, ती देशभर लागू झाल्यावर, मान्य केली. मुलं हे दोन कागद एकमेकांवर घासतात. पुण्यात बसलेल्या माणसाला न्यू जर्सीचं हे ठाऊक होतं का? त्याला कोणत्या अमेरिकन लोकांशी बोलायचं होतं? एका मुलीने विचारलं, १८७७ साली दक्षिणेतून सैन्य मागे घेतलं आणि काळ्या लोकांना वाऱ्यावर सोडलं, त्यानंतर लिहिलं असतं तर त्याने अर्पण केलं असतं का? वर्गाचे दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, नक्कीच नाही. दुसऱ्या बाजूचं, हो, कारण ते अमेरिकेसाठी लिहिलेलंच नव्हतं, पुण्यातल्या लोकांना खिजवायला लिहिलं होतं.

आजोबा तोवर परत गेले होते. नातवाने दोन्ही बाजू त्यांना फोनवर सांगितल्या. त्यांनी दुसऱ्या बाजूला मत दिलं, असं तो म्हणाला.