आधी रेडिओला विचारा

काटेवाडीवरून जाणारा बारामती–इंदापूर रस्ता गळिताच्या हंगामात डोळे मिटूनही ओळखता येतो. उसाच्या ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर जात असतात आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर किंवा मडगार्डवर बसवलेले स्पीकर इंजिनाच्या धडधडीवर मात करत असतात. त्यामुळे आमच्या भागात स्पीकरबद्दलचा पहिला प्रश्न ठरलेला आहे : किती वॅटचा? ट्रॅक्टरसाठी तो रास्त आहे. पण जुनी पद्मिनी किंवा ॲम्बॅसडर नीट करताना तिचा मूळ रेडिओ जिवंत ठेवायचा असेल, तर नेमका हाच प्रश्न घात करतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की असा स्पीकर गाडीसाठी घ्यायचा नसतोच, तो रेडिओसाठी घ्यायचा असतो. भोक किती इंची, जाळी कशी, वॅट किती, हे सगळं नंतर. रेडिओच्या शेवटच्या टप्प्याला किती ओहमचं ओझं पेलतं, ते आधी.

पद्मिनी या मुलखाला तशी परकी नाही. इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर साखर कारखाना आणि त्याभोवती वालचंदनगर उभं करणाऱ्या वालचंद हिराचंदांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट अकराशे, पुढे पद्मिनी या नावाने, या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत बाहेर पडत राहिली. बागायती पट्ट्यातल्या बंगल्यांच्या पोर्चमध्ये ती अजून झाकून ठेवलेली दिसते. इंजिनाचं काम करणारे मेकॅनिक अजून आहेत, पत्र्याचं काम करणारेही आहेत. रेडिओची पाळी सगळ्यात शेवटी येते, आणि तोवर मालकाचा धीर व पैसा दोन्ही संपत आलेले असतात. मग बारामतीच्या बाजारातून मिळेल तो स्पीकर येतो, दोन वायरी जोडल्या जातात आणि रेडिओ वाजतो. तो वाजतो, हाच मोठा घोटाळा आहे, कारण चुकीचा स्पीकरही सुरुवातीला वाजतोच.

हिशेब साधा आहे. इंजिन चालू असताना गाडीच्या विजेचा दाब चौदा व्होल्टच्या आसपास असतो. दोन ट्रान्झिस्टरांची जोडी आलटून-पालटून स्पीकर हलवते, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला त्यातला निम्मा येतो, आणि आतली घट वजा जाता सहा व्होल्ट धरायला हरकत नाही. आठ ओहमच्या स्पीकरवर यातून सव्वादोन वॅट निघतात, चार ओहमवर साडेचार. दोन ओहमवर कागदोपत्री नऊ. पण त्या नऊ वॅटसाठी कमाल प्रवाह दीड अँपिअरवरून तीनवर जातो, आणि जुने जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर मुळातच उष्णतेला हळवे. तापला की गळती वाढते, गळती वाढली की आणखी तापतो. वैशाखात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डमागे हे चक्र थांबवायला कोणी नसतं. आणि दोन ओहम कुणी मुद्दाम लावत नाही. ‘पुढे एक आहे, मागे पण एक टाकू’ म्हणून चार ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले, की झाले दोन ओहम. तेच दोन एकामागे एक जोडले तर आठ होतात. आवाज थोडा कमी, रेडिओ सुखरूप. व्हॉल्व्हच्या त्याहून जुन्या संचांची तऱ्हा उलटी. ट्रान्झिस्टर शॉर्टला भितो, व्हॉल्व्ह सुट्या वायरीला. स्पीकर न जोडता आवाज वाढवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये उसळणारा दाब त्याचं इन्सुलेशन फोडू शकतो.

मल्टिमीटर लावून ओहम मोजणाऱ्यांसाठी एक इशारा. मीटर दाखवतो तो तारेचा नुसता रोध. चार ओहमच्या स्पीकरवर साडेतीनच्या आसपास आकडा येतो, आठवर साडेसहा-सातच्या आसपास. तो आकडा बघून स्पीकर बिघडला असं ठरवू नये. परदेशी गाडी असेल तर जास्तच जपावं : साठच्या दशकातल्या जनरल मोटर्सच्या गाड्यांमधले डेल्को रेडिओ दहा ओहमचा स्पीकर मागतात. तिथे चारचा स्पीकर लावून सहा ओहमचा रेझिस्टर मध्ये घालण्याची युक्ती सांगितली जाते. रेडिओ वाचतो खरा, पण मोजकी वाफ असलेल्या इंजिनाची साठ टक्के वाफ रेझिस्टर तापवण्यात जाते. त्यापेक्षा आठ ओहमचा साधा स्पीकर बरा.

आता वॅट. खोक्यावर २०० वॅट लिहिलेलं असतं, ती स्पीकरची सहनशक्ती, त्याची ताकद नव्हे. चार-पाच वॅटच्या रेडिओला खरी गरज असते ती कमी खुराकावर जास्त बोलणाऱ्या स्पीकरची. हलक्या कागदी कोनाचा जुना स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ९२ डेसिबल देत असेल आणि जड रबरी काठाचा नवा ८६, तर तेवढाच आवाज काढायला नव्याला चौपट वॅट लागतात. ते रेडिओकडे नाहीत. म्हणून मालक बटण पिळतो, आवाज फाटतो आणि दोष रेडिओला लागतो. नव्या स्पीकरच्या मध्यभागी चमकणाऱ्या ट्वीटरचंही तसंच. मध्यम लहरींवर केंद्रांमधलं अंतर नऊ किलोहर्ट्झ, म्हणजे त्यावरून येणारा आवाज साडेचार किलोहर्ट्झच्या वर फारसा जातच नाही. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर ऐकताना ट्वीटरच्या वाट्याला येते ती बहुतेक खरखर, आणि ती तो इमानाने ऐकवतो.

यावर लोक विचारतात, एवढी यातायात कशाला? डॅशबोर्डच्या कप्प्यात ब्लूटूथचा छोटा संच लपवा, दारात नवे स्पीकर बसवा. रोज गाडी चालवणाऱ्याने तसं जरूर करावं, माझी तक्रार नाही. फक्त जुना रेडिओ त्या तारांना जोडू नये, तो तसाच राहू द्यावा. कारण नव्या संचांत स्पीकरची एकही वायर चेसीला लागलेली चालत नाही, तर जुन्यांत बहुधा एक वायर चेसीतूनच परत येते. दोन्ही पद्धती एकत्र झाल्या की नवा संच जळू शकतो. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे : पद्मिनीत रेडिओ कित्येकदा नंतरच बसवून घेतलेला असायचा, मग ‘मूळ’ काय आणि त्यासाठी हट्ट कसला? हे मला मान्य आहे. म्हणूनच ओहम जुळवण्याचा आग्रह मी गाडीच्या शुद्धतेसाठी धरत नाही. रेडिओ कुठल्याही साली बसवलेला असो, त्याचा आउटपुट ट्रान्झिस्टर आज सहज मिळत नाही. स्पीकर मिळतो. जे मिळत नाही ते जपण्यासाठी जे मिळतं ते नीट निवडायचं.

आणि पुष्कळदा निवडायचीही गरज नसते. जुन्या स्पीकरचा कोन उन्हाने कडक होतो, काठाशी चिरतो, आमच्याकडची धूळ कॉइलच्या फटीत बसते. पण लोखंडी सांगाडा आणि मॅग्नेट सहसा शाबूत असतात. चारी बोटं कोनावर सारखी टेकवून हळूच दाबून बघा. घासल्याचा आवाज आला तर कॉइलही बदलावी लागेल, नाही तर नुसता कोन पुरेल. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत आणि आसपास चौकशी करा. कारागीर गाठलात तर त्याला जुन्याइतकाच हलका कागद घालायला आणि तितक्याच ओहमची कॉइल बसवायला सांगा. आणि फाटका स्पीकर तोवर भंगारात घालू नका. जाताना पिशवीत तोच न्यायचा आहे.