पाण्याला ऐकू जाणारी फळी

डिसेंबरातली पहाट. नवेगावबांधच्या तलावावर धुकं इतकं उतरलं होतं की सभोवतालच्या सात बहिणी डोंगरांची नुसती चाहूल लागावी. आमची लहानशी लाकडी नाव काठापासून सुटली आणि पहिल्याच हेलकाव्याला खड् खड् असा आवाज झाला. मागच्या टोकाला, बैठकीखाली, दोर नि जाळं ठेवायचा एक कप्पा होता. त्यावर दोन खाचांतून सरकणारी झाकणफळी. नाव डावीकडे कलली की फळी डावीकडे आदळे, उजवीकडे कलली की उजवीकडे. वल्ह्याचा आवाज पाण्यात विरघळून जाई. फळीचा मात्र धुक्यातून पुढे पुढे पळे. दूर कुठेतरी पंखांची सळसळ झाली आणि तलवार बदकांचा अख्खा थवा, आमच्या नजरेला पडण्याआधीच, उठून गेला.

नाव वल्हवणारे धीवरकाका काही बोलले नाहीत. वल्हं आडवं ठेवून त्यांनी तळहात फळीवर टेकवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. खडखड थांबली.

“पानी आयकते जी,” ते एवढंच म्हणाले.

त्या तीन शब्दांचा अर्थ मला सावकाश उलगडत गेला. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, पाण्यात जवळजवळ 1,500 मीटर. लाकडावरचा ठोका नावेच्या तळातून थेट पाण्यात उतरतो. रोहू, कटला या आपल्या तलावांतल्या माशांच्या शरीरात हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत इवल्या हाडांची साखळी असते. पिशवी थरथरली की ती थरथर साखळीवरून कानाशी पोचते. आपल्याला मुकं वाटणारं पाणी असं कानांनी भरलेलं असतं. आणि पहाटे पाण्यालगतची हवा थंड, वरची उबदार असली की आवाज वर निघून न जाता पुन्हा खाली वळतो, पाण्याच्या अंगाने लांबवर जातो. बदकांना आमची वर्दी कुणी दिली, ते मला तेव्हा कळलं.

पण फळी मुळात वाजत का होती? पावसाळ्यात तीच फळी दोन्ही हातांनी ओढावी लागे, असं काका सांगत होते. लाकूड तोडून, रंधून, नावेत बसवलं तरी हवेतला ओलावा ते घेत राहतं आणि सोडत राहतं. लांबीत फारसा फरक पडत नाही. रुंदीत मात्र ते श्रावणात फुगतं आणि मार्गशीर्षात आकसतं. फूटभर रुंदीच्या फळीत दोन-चार मिलिमीटरची फट पडायला तेवढं पुरतं. त्या फटीतच सगळा आवाज राहतो. समुद्रावरच्या शिडाच्या होड्यांत खोलीच्या दारावरचं सरकतं झाकण रात्रभर वाजून खलाशांची झोप मोडतं, त्याचंही मूळ असल्याच फटीत असतं.

काठावर परतल्यावर काकांनी फळी बाहेर काढली. खाचेतली वाळू, वाळलेलं शेवाळ, माशांचे खवले काडीने खरवडले. जुन्या धोतराची धुवट पट्टी दुमडून खाचेत बसवली, दोन्ही टोकांना बारीक चुका मारल्या. फळीच्या कडांना मोहाच्या बियांचं तेल चोळलं. थंडीत ते लोण्यासारखं थिजतं, म्हणून लावलं तिथेच टिकून राहतं. शेवटी पुढच्या तोंडाशी बांबूची एक पातळ पाचर. मी विचारलं, “काका, थोडी रुंद फळीच का नाही बसवत?”

“पान्यात फुगन ना जी. मंग कोन काढन?”

फट कायमची बुजवायची नसते, हे मला तिथे उमगलं. पावसाळ्यात फळीला तिची जागा लागते. हिवाळ्यापुरतं त्या जागेत काहीतरी मऊ ठेवायचं, आणि आषाढ आला की काढून घ्यायचं. माणसाचं लाकडाशी इतकं समजुतीचं वागणं मी क्वचितच पाहिलं आहे.

हा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला, असं सांगतात. याच काठावर वनाधिकारी म्हणून राहताना मारुती चितमपल्ली यांनी पाखरांचं जग कान देऊन वाचलं. ‘नवेगावबांधचे दिवस’ त्यातून आलं. एकाने पाणी अडवलं, दुसऱ्याने त्याचं ऐकलं. पाण्याला त्रास न देता त्याच्यावरून जाणं ही तिसरी विद्या धीवरांनी जपली. ती पुस्तकात नाही, धोतराच्या पट्टीत आहे.

दुसऱ्या पहाटे आम्ही पुन्हा निघालो. वल्ह्यावरून ठिबकणारे थेंब मोजता यावेत इतकं शांत. धुक्यापलीकडच्या धानाच्या बांध्यांतून सारसाच्या जोडीची हाक आली, आधी एकाची, मग तिच्यातच मिसळलेली दुसऱ्याची. तलवार बदकं यावेळी उठली नाहीत. त्यांच्या लांब शेपट्या पाण्यावर डुलताना मी पहिल्यांदा जवळून पाहिल्या.

हिवाळ्यात नवेगावबांधला याल, तेव्हा नावेत बसण्याआधी झाकणफळी एकदा हाताने हलवून बघा. वाजली, तर कापडाची एक पट्टी पुरते.