बेलेंचा दगड

लिस्बनमध्ये उजेड पाण्यावरून येतो. समुद्राला मिळण्याआधी तेजो नदी इथे खाडीसारखी फाकते. तिच्यावरून परतलेलं ऊन चढणीच्या गल्ल्यांत, निळ्या-पांढऱ्या फरश्यांच्या भिंतींवर, पायाखालच्या चुनखडीच्या चिऱ्यांवर दिवसभर खेळतं. अल्फामाच्या बोळांत डोक्यावर कपडे वाळत असतात, जूनच्या सणात दारोदार सार्डिन मासे भाजतात. कोकणातून आलेल्या माणसाला तो वास घरचा वाटतो.

मग कार्मोचं चर्च समोर येतं. १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी, सर्व संतांच्या सणाला, चर्चं माणसांनी भरलेली असताना धरणी हलली. पाठोपाठ समुद्र शहरात शिरला आणि आगी दिवसेंदिवस धुमसत राहिल्या. कार्मोच्या कमानी पुन्हा उभारल्या गेल्या, छप्पर मात्र कधीच चढलं नाही. आजही पाऊस थेट चर्चच्या आत पडतो.

नदीकाठाने पश्चिमेला गेलं की बेलें. इथला जेरोनिमूश मठ त्या भूकंपातून वाचला. त्याच्या खांबांवर, कमानींवर पाथरवटांनी जहाजाचे दोर, गाठी, समुद्रातली पोवळी कोरली आहेत. इतकी नाजूक, की दगडाला हात लावायचा धीर होत नाही. राजा मानुएलने हे काम काढलं आणि आफ्रिका व पूर्वेकडच्या व्यापारावर पाच टक्के कर बसवून त्याचा खर्च भागवला. आपल्या किनाऱ्यावरची मिरी या भिंतींत आहे. वास्को द गामाही इथेच चिरनिद्रा घेतो.

जवळच्या बेलें बुरुजावर गेंड्याचं झिजलेलं डोकं आहे. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला दिलेला गेंडा गोव्याहून निघून मे १५१५ मध्ये लिस्बनला उतरला. तो कधीही न पाहता जर्मन चित्रकार ड्युररने त्याचं चित्र केलं आणि ते युरोपभर पोचलं. राजाने पुढे त्याला पोपकडे धाडलं. इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं आणि तो बिचारा जीव बुडाला. त्या झिजल्या डोक्यापुढून माझा पाय निघेना.

याच पोर्तुगीज सत्तेने १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय आणलं. त्या काळात देवळं पडली. कुशस्थळीचा मंगेश आणि केळोशीची शांतादुर्गा झुवारी ओलांडून फोंड्याकडे गेली. भक्तांनी आपले देव स्वतः वाहून नेले.

लिस्बनजवळच्या सिंत्राच्या हिरव्या डोंगरातून पुढे रोका भूशिरावर युरोपची मुख्य भूमी संपते. तिथल्या वाऱ्यात मला पुन्हापुन्हा वाटत राहिलं, की दोर कोरणारा तो पाथरवट आणि देव वाहणारा तो गावकरी, दोघांचे कष्ट एकाच समुद्राने जोडले आहेत. एकाची कला पाहताना दुसऱ्याचं दुःख विसरायचं नाही, आणि दुःखापायी कलेला नाकारायचं नाही. मराठी माणसाने बेलेंला जरूर जावं, डोळे भरून पाहावं, आणि मंगेशीचं नाव मनात ठेवूनच पाहावं.