सुवासाचा पहारा

माणसाला पन्नाशीनंतर जी नवी व्यसने जडतात, त्यांत दुसऱ्याला उपदेश करण्याचे व्यसन सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच सर्वांत चिवट असते. माझा व्यवसाय प्राध्यापकाचा असल्यामुळे ते मला पन्नाशीच्या पुष्कळ आधीच जडले होते. परंतु दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यापर्यंत त्याचा उपद्रव वर्गातील विद्यार्थ्यांपुरताच मर्यादित होता. त्या वर्षी जून महिन्यात एका स्नेह्याने मला सिट्रोनेला गवताच्या तेलाची एक लहानशी बाटली भेट म्हणून आणून दिली, आणि ते व्यसन माझ्या घरात शिरले.

हे सिट्रोनेला म्हणजे आपल्या गवती चहाचे सख्खे भावंड. बाटलीचे बूच काढले मात्र, आणि लिंबाच्या सालीची आठवण करून देणारा तो हिरवा दरवळ खोलीभर पसरला. मी पुण्यातल्या माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून उठून एकदम धुळे जिल्ह्यातल्या आजोळच्या ओसरीवर जाऊन बसलो. तिन्हीसांजेची वेळ आहे, आजी पाय पसरून बसली आहे, आणि शिशीतले पिवळसर तेल तळहातावर घेऊन गुडघ्यांना चोळीत आहे. ते तेल रोशाचे. खानदेशात या गवताला तिखाडीही म्हणतात. त्याच्या वासात गुलाब आणि गवत यांचे विलक्षण मिश्रण असते. आम्ही नातवंडे आजीला खेटून बसत असू. गोष्टीचा लोभ तर होताच, पण तिच्याजवळ डास येत नाहीत अशी आम्हा सर्वांची दृढ श्रद्धा होती.

या रोशाची कथा मोठी मौजेची आहे. सातपुड्याच्या उतारावर हे गवत आपोआप वाढे. ते फुलोऱ्यावर आले की शेंडे कापून, ओढ्याच्या काठी भट्टी लावून, मोठ्या भांड्यात पाण्याबरोबर उकळीत. वाफ नळीतून गार पाण्यात बुडविलेल्या दुसऱ्या भांड्यात उतरे आणि थंड झालेल्या पाण्यावर तेलाचा तवंग जमे. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून जहाजाने पार कॉन्स्टँटिनोपलपर्यंत जाई आणि तेथे गुलाबाच्या महागड्या अत्तरात त्याची बेमालूम भेसळ होई. युरोपच्या बाजारात ते चक्क ‘तुर्की जिरॅनियमचे तेल’ म्हणून ओळखले जाई! कारण असे की, गुलाबात जो जिरॅनिऑल नावाचा सुगंधी अंश असतो, तोच रोशात विपुल असतो. तोच सिट्रोनेलातही असतो. म्हणजे माझ्या नाकाने बाटलीतून आजोळ ओळखले, त्यात नाकाची काही चूक नव्हती.

चूक झाली ती डोक्याची. त्या एका दरवळाच्या बळावर मी घरातील सारी व्यवस्था बदलून टाकली. डासांच्या कॉइली आणि विजेवर तापणाऱ्या औषधाच्या कुप्या हद्दपार केल्या. खोबरेल तेलात सिट्रोनेलाचे थेंब मिसळून दिवेलागणीला सर्वांनी हातापायांना लावावे, असा दंडक घातला. गॅलरीत गवती चहाच्या चार कुंड्या ओळीने मांडल्या. ‘निसर्गाने दिलेले शस्त्र हाताशी असता माणसाने विषाची कास का धरावी?’ या विषयावर मी जेवणाच्या टेबलाशी जे प्रवचन केले, ते आमच्या सौभाग्यवतीने भाजी वाढता वाढता शांतपणे ऐकून घेतले आणि शेवटी एवढेच विचारले, “अहो, पण हे डासांना समजलंय का?”

मला तो विनोद वाटला. ऑगस्टच्या अखेरीस तिला ताप आला, तेव्हा तो विनोद नव्हता हे कळले.

पहिल्या दिवशी आम्ही पावसाळी ताप म्हणून सोडून दिले. दुसऱ्या दिवशी तिला मान वळविता येईना. डोळ्यांच्या मागे कोणी खिळे ठोकीत आहे असे ती म्हणाली. रक्त तपासले, तर डेंग्यू निघाला. प्लेटलेटचा आकडा रोज सकाळी खाली उतरू लागला, तेव्हा डॉक्टरांनी तिला रुग्णालयात हलविण्यास सांगितले. तेथे मी पाच रात्री लोखंडी स्टुलावर बसून काढल्या. तिच्या दंडावर सुया टोचल्याच्या काळ्यानिळ्या खुणा होत्या. त्यांच्याकडे पाहताना मला माझे प्रवचन शब्दशः आठवे. तिने मात्र त्याची आठवण एकदाही करून दिली नाही. बोलली असती, तर बरे झाले असते.

ती घरी परतल्यानंतर दोन दिवसांनी महापालिकेच्या आरोग्यसेविका दारावर आल्या. विशीतली मुलगी, हातात बॅटरी, खांद्याला पिशवी. घरभर फिरून ती गॅलरीत गेली आणि तेथून तिने हाक मारली, “काका, जरा इकडे या.” गवती चहाच्या कुंडीखालची ताटली तिने बाहेर ओढली होती. तिच्यातले पाणी तिने पांढऱ्या फरशीवर ओतले. त्या पाण्यात काळसर अळ्या वळवळत होत्या. जन्मभर विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या मला त्या स्वल्पविरामांसारख्या दिसल्या. चुकीच्या जागी पडलेल्या स्वल्पविरामांसारख्या.

“पण ही कुंडी तर डासांसाठीच ठेवली आहे,” मी म्हणालो.

“डासांसाठीच झाली की हो, काका,” ती हसून म्हणाली. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिने आवाज मऊ केला. “झाडाला डास भीत नाहीत. त्याचं तेल पानाच्या आत असतं. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करा, बस.”

याच कुंडीतल्या डासाने माझ्या पत्नीला दंश केला, हे कोणत्याही न्यायालयात सिद्ध होणार नाही. तो शेजारच्या गच्चीवरून आलेला असेल, समोरच्या बांधकामावरून आलेला असेल. परंतु सकाळी भाजी निवडायला ती रोज त्याच कुंड्यांपाशी बसत असे, ही गोष्ट मला विसरता येत नाही. आणि मी तेल लावायला सांगत होतो दिवेलागणीला! डेंग्यूचा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि उतरत्या दुपारी, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. माझा शत्रू सकाळी येत होता आणि माझा पहारेकरी संध्याकाळी कामावर रुजू होत होता.

त्यानंतर मी जे आधी वाचावयास हवे होते ते वाचले. अमेरिकेत २००२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात एक तुलना प्रसिद्ध झाली. निरनिराळी डासरोधक द्रव्ये लावलेले हात डासांच्या पिंजऱ्यात घालून, पहिला दंश किती वेळाने होतो हे त्यात मोजले होते. सुमारे २४ टक्के ‘डीट’ असलेल्या द्रव्याने सरासरी पाच तास संरक्षण दिले, निलगिरीपासून केलेल्या एका द्रव्याने सुमारे दोन तास, आणि सिट्रोनेलाच्या द्रव्यांनी वीस मिनिटांहूनही कमी. वीस मिनिटे! माझे प्रवचनदेखील याहून लांबले होते.

याचे कारण विचार केला तर अगदी उघड आहे. डासाची मादी आपला माग काढते ती श्वासातून बाहेर पडणाऱ्या कर्बवायूवरून, अंगाच्या उबेवरून आणि घामाच्या वासावरून. सुगंधी तेल या खुणांमध्ये गोंधळ माजविते, हे खरे. पण त्यासाठी त्याला त्वचेवरून उडून हवेत मिसळावे लागते, आणि जे उडते ते संपते. ज्या गुणामुळे ते दरवळते, त्याच गुणामुळे ते टिकत नाही. लिंबाच्या वासाच्या एका जातीच्या निलगिरीपासून मिळणारे पीएमडी नावाचे द्रव्य अधिक काळ टिकते, कारण ते सावकाश उडते. परंतु तेही नुसते काढलेले तेल नव्हे, त्यावर संस्कार करावे लागतात, आणि तीन वर्षांखालील मुलांना ते लावू नये असे सांगितले जाते.

आणि ‘नैसर्गिक’ या शब्दाचे काय? ज्या कॉइलीला मी विष म्हणून घराबाहेर काढले, तिचा जन्म एका फुलातून झालेला आहे. सेवंतीच्या कुळातल्या पायरेथ्रम या पांढऱ्या फुलाची भुकटी कीटकांना मारते, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. जपानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या भुकटीची जळणारी कांडी झाली आणि पुढे कांडीचे वेटोळे झाले. आजच्या कॉइलीतले द्रव्य बहुधा त्या फुलातल्या अंशाची प्रयोगशाळेत केलेली नक्कल असते. बंद खोलीत तिचा धूर छातीला चांगला नाही, हा माझा आक्षेप अजूनही कायम आहे. पण तो धुराला आहे, निसर्गद्रोहाला नव्हे.

उलट, ज्या जिरॅनिऑलच्या वासाने डास बिचकतो, तोच अंश मधमाशी स्वतःच्या अंगात तयार करते आणि वाट चुकलेल्या बहिणींना घराकडे बोलावण्यासाठी तो हवेत सोडते. गवती चहाच्या तेलाचे दोन थेंब रिकाम्या पेटीत टाकून मधपाळ नव्या मोहोळाला आमंत्रण देतात. तेव्हा बागेत बसून अंगाला हे तेल फासणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की, त्याने एका पाहुण्याला दार लावले असले तरी दुसऱ्याला ते उघडले असण्याचा संभव आहे! वनस्पती तेल तयार करते ती आपल्या संसारासाठी. त्यातून माझ्या संसाराचे रक्षण व्हावे, असा करार तिने माझ्याशी कधीच केलेला नाही.

सांप्रत आमच्या घरी खिडक्यांना जाळ्या आहेत. दर शुक्रवारी कोरडा दिवस पाळतो; ताटल्या, फुलदाणी, फ्रिजमागचा ट्रे, सारे मी स्वतः रिकामे करून घासतो, कारण डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. गवती चहाची एकच कुंडी ठेवली आहे, तीही चहासाठी. सिट्रोनेलाची बाटली मात्र मी टाकली नाही. संध्याकाळी घटकाभर गच्चीवर बसायचे असेल तर खोबरेलात मिसळून थोडे लावतो. नुसते तेल कधीच लावीत नाही, कारण त्याने कातडी भाजल्यासारखी होते. वास विरला की उठून खाली येतो. दिवसा बाहेर जाताना पत्नी डॉक्टरांनी सांगितलेले मलम लावते आणि मी मुकाट्याने तिचे अनुकरण करतो.

परवा मावशी आली होती. रोशाच्या तेलाचा विषय निघाला तेव्हा मी म्हणालो, “आजीजवळ डास येत नसत, नाही का गं?”

मावशी म्हणाली, “अरे, तिला घटकाभर बसू दे म्हणून तुम्हाला तसं सांगायचो. डास यायचे की! अंधार पडला की तुम्हा पोरांना मच्छरदाणीत कोंडायची ती, आणि दर बाजाराच्या दिवशी रांजण उपडा करून राखेनं घासून घ्यायची. कंबर मोडायची तिची. मग ते तेल लागायचं गुडघ्यांना.”

मच्छरदाणी! तिचा निळसर रंग, एका कोपऱ्यातले ठिगळ, चारी बाजू गादीखाली खोचताना आजीचा होणारा खोकला, सारे मला त्या क्षणी आठवले. चाळीसाहून अधिक वर्षे माझ्या स्मरणात नुसता सुवास दरवळत राहिला होता, आणि तो ज्या कष्टांवर चोळला जात होता ते कष्ट मी विसरून गेलो होतो. आजीचा वारसा म्हणून मी घरात आणले ते तिच्या दुखण्यावरचे औषध. तिचा पहारा दुसराच होता.

येत्या शुक्रवारी कुंड्यांखालच्या ताटल्या घासताना मी मनगटाला त्या तेलाचा एक थेंब लावणार आहे. डासांसाठी नव्हे.