धरणाच्या पाण्याला सातबारा नसतो

घोड नदीवर डिंभ्याचं धरण झालं आणि जुनं आंबेगाव पाण्याखाली गेलं. कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी हे एक. जलाशयाला आता हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. ज्यांची शेतं बुडाली ते मुख्यतः महादेव कोळी. नावात कोळी असलं तरी ही डोंगरउतारावर भात पिकवणारी माणसं. मोठ्या पाण्यातली मासेमारी त्यांना नव्यानं शिकावी लागली. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेनं इथं वर्षानुवर्षं काम केलं. पुढे याच लोकांची डिंभे जलाशय आदिवासी मच्छीमार सहकारी संस्था उभी राहिली, होड्या-जाळी आली, पिंजऱ्यात मत्स्यबीज वाढवण्याचे प्रयोग झाले.

मी सहकार कायद्याची वकील. आंबेगाव-जुन्नरकडच्या सभासदांशी बोलताना एक प्रश्न हमखास निघतो : माझ्यामागे माझं जाळं कोण टाकणार? जमिनीला सातबारा असतो, वारसाची नोंद तलाठ्याकडे होते. पाण्याचं काय?

पाणी कुणा एकाच्या नावावर नसतं. मत्स्यव्यवसाय विभाग जलाशय पाच वर्षांच्या ठेक्यानं संस्थेला देतो आणि संस्थेनं तो पोटठेक्यानं दुसऱ्याला द्यायचा नसतो. सभासदाच्या हाती असतो तो शेअर. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 29 प्रमाणे तो किमान वर्षभर जवळ असावा लागतो आणि सभासदालाच, किंवा ज्याचा सभासदत्वाचा अर्ज संस्थेनं स्वीकारला आहे अशालाच देता येतो. म्हणजे मंचरच्या एखाद्या व्यापाऱ्यानं पैसे मोजले म्हणून त्याला धरणात जाळं टाकता येत नाही.

हे बंधन अनेक तरुण सभासदांना जाचतं. मला ते मोलाचं वाटतं. अमेरिकेतल्या अलास्का राज्यानं 1973 साली कायदा करून मासेमारीचे मर्यादित परवाने व्यक्तींच्या नावे दिले. ते विकता येत होते. अडचणीच्या वर्षी गावातल्या मच्छीमारानं परवाना विकला की तो परत घेण्याइतका पैसा त्याच्या मुलाजवळ नसे. ब्रिस्टल बे भागातल्या मूळ रहिवाशांच्या हातून असे कितीतरी परवाने बाहेरच्यांकडे गेले. समोर सामन मासा येतोय आणि किनाऱ्यावरच्या घराला तो धरायचा अधिकार नाही, ही पाळी डिंभ्यावर येऊ नये. या लोकांची जमीन एकदा गेलेली आहे.

आता वारशाचं. सभासद वारला तर कलम 30 प्रमाणे शेअर नामनिर्देशित व्यक्तीकडे जातो. नामनिर्देशन नसेल तर समितीला जो वारस दिसेल त्याच्याकडे. पण त्या व्यक्तीला सभासद म्हणून रीतसर दाखल करून घ्यावं लागतं, नुसतं नाव पुरत नाही. शिवाय नामनिर्देशित म्हणजे मालक नव्हे. कंपन्यांच्या शेअरबाबत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2023 मध्ये हेच स्पष्ट केलं. तो खटला ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातला होता. म्हणून मी प्रत्येकाला सांगते, नामनिर्देशनाचा अर्ज आजच भरा आणि घरातल्या सगळ्यांना तो दाखवा.

यावर बरेच जण म्हणतात, “वकीलबाई, त्यापेक्षा शेअरच दोघांच्या नावानं करतो. बायकोचं नाव लावतो.” मन चांगलं आहे, पण कायदा इथं थोडा कंजूष आहे. संयुक्त शेअरवर ज्याचं नाव पहिलं नाही तो सहयोगी सभासद. कलम 27 प्रमाणे मत पहिल्या नावाचं. तो सभेला हजर नसेल तरच दुसऱ्याचं. नवरा सभेत बसलेला असेपर्यंत त्या बाईचा हात मोजला जात नाही.

त्याच धरणाच्या काठावर, वनहक्काच्या प्लॉटला मात्र दुसरा नियम आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यातलं कलम 4(4) सांगतं की हा हक्क वारशानं जाईल, विकता किंवा हस्तांतरित करता येणार नाही, आणि विवाहितांच्या बाबतीत तो पती-पत्नी दोघांच्या नावे संयुक्तपणे नोंदवला जाईल. कुणाच्या मर्जीचा प्रश्नच नाही. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शरद जोशी गावोगाव फिरून पुरुषांना बायकांच्या नावे जमीन करायला सांगत होते. इथं ते काम कायद्यानंच केलं. एकाच बाईचं नाव काठावरच्या जमिनीला आहे आणि समोरच्या पाण्याला नाही, हे मला पटत नाही.

म्हणून माझा सल्ला : संयुक्त शेअर नको, बाईच्या नावानं स्वतंत्र शेअर घ्या. जी जाळं विणते, दुरुस्त करते, मासळी निवडते, घोडेगावच्या बाजारात पाटी घेऊन बसते, ती मच्छीमारच आहे, आणि समितीनं तिचा अर्ज तसाच वाचला पाहिजे.

विरोध होतो, आणि तो पोकळ नाही. काही ठिकाणी घरटी एक सभासद असा रिवाज आहे. दोन शेअर घेतले तर मोठ्या कुटुंबांची सभेत सरशी होईल, कातकऱ्यांची थोडी घरं मागे पडतील, अशी भीती असते. ती खरी ठरू शकते. म्हणून सभासदत्व कुणासाठी खुलं करायचं ते एकाच ठरावात सगळ्या घरांसाठी ठरवावं, मागेल त्याला सुटंसुटं देऊ नये. कातकरी वस्तीतल्या बायकांचे अर्ज त्याच दिवशी भरून घ्यावेत, आणि शेअरचे पैसे एकदम जमत नसतील तर त्यांना हप्ते पाडून द्यायची सोय आधी पोटनियमांत करावी.